उजव्या हाताची फट

बारकीच्या ऑफिसात 'फट' हा शब्द दिवसभरात इतक्या वेळा कानावर पडायचा की नव्या माणसाला वाटावं, इथे दारं-खिडक्या बनवतात. बनवायचे ते गेम. गाण्याचे गेम. टायरच्या गोदामावरच्या दोन खोल्या, भिंतींना जाड स्पंज, आणि आत हेडफोन लावून माना डोलावत बसलेली माणसं. खालचा गोदामवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "वर वेड्यांचं इस्पितळ आहे. पण गरीब आहेत हो, चावत नाहीत."

गेम तसा सोपा. पडद्यावर वरून रंगीत थेंब घरंगळत येतात, खाली एक रेघ असते. थेंब रेघेला टेकला की समोरच्या डब्यावरची त्याच रंगाची रबरी चकती स्टिकने हाणायची. वेळेवर हाणलीत तर पडद्यावर 'चपखल!' उमटतं, चुकलात तर 'हुकलं'. आणि हुकलं की नुसते गुण जात नाहीत, गाण्यातला ड्रमच बंद पडतो. पुन्हा बरोबर हाणाल तेव्हा तो परत सुरू होतो. आता वेळेवर म्हणजे किती वेळेवर? माणूस काही घड्याळ नव्हे. थेंब टेकण्याच्या जरा आधी, जरा नंतर, एवढी सूट द्यावीच लागते. त्या सुटीला ऑफिसात फट म्हणायचे. कुठल्या ठोक्याला थेंब सोडायचा आणि त्याला फट किती ठेवायची, हे बारकीचं काम. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एकदा ऑफिसच्या साहेबांच्या डोक्यात आलं की फट रुंद करू, म्हणजे सगळेच जिंकतील, सगळेच खूश. जवळच्या कॉलेजातली मुलं खेळून बघायला बोलावली. कशीही हाणा, चपखल! चपखल! चपखल! दोन गाणी झाली आणि मुलं जांभया द्यायला लागली. तिसऱ्या गाण्याला एकेकाने खिशातून फोन काढले. साहेब रडकुंडीला आले. "अरे, सगळे जिंकतायत, मग यांची तोंडं अशी का?"

ऑफिसात आवाजाचं बघणारे एक म्हातारे गृहस्थ होते, सगळे त्यांना आवाजकाका म्हणत. ते हसून म्हणाले, "साहेब, आपल्या धंद्यात खरोखरच फट म्हणता ब्रह्महत्या होते." मग बारकीकडे वळून म्हणाले, "या गेममध्ये गंमत कसली आहे सांग बघू. गाणं आपलं नाही. वाजवणारे दुसरेच कुणीतरी, वाजवून घरी गेलेले. आपण हाणतो ते रबर. सगळा खोट्याचा बाजार. त्यात एकच गोष्ट खरी, ती म्हणजे वेळ. ती साधली की हात आणि कान एका जागी भेटतात, आणि तेवढ्यापुरतं माणसाला वाटतं, हे गाणं माझ्यामुळे चाललंय. आपण ते वाटणं विकतो. पण ते वाटायचं तर हुकण्याची भीती खरी पाहिजे. ती काढलीस की उरलं काय? रबर."

बारकीने मान हलवली. तिला हे सगळं कळत होतं, अगदी पाठ होतं. म्हणून तर पुढचं सांगताना जीव चडफडतो. न कळणाऱ्याने केलं असतं तर सोडून दिलं असतं हो!

आता दादाचं सांगते. दादा म्हणजे बारकीचा थोरला भाऊ. आई-वडील लवकर गेले, तेव्हा हिचं नाक पुसण्यापासून हिची शाळा निस्तरण्यापर्यंत सगळं त्यानेच केलं. पोटासाठी ड्रम वाजवायचा. मास्तर म्हणून एक ट्रंपेटवाले होते, त्यांचा बँड हॉटेलांत, पार्ट्यांत वाजायचा, आणि दादा त्या बँडचा कणा होता. मास्तरांच्या तोंडून कौतुक निघायचं म्हणजे दगडाला पाझर फुटायचा. ते फक्त शिव्या द्यायचे. ज्याला कमी शिव्या, तो चांगला वाजवतो, असा हिशोब. दादाला सगळ्यांत कमी पडायच्या.

आणि दादाही त्याच मुशीतला. बारकी लहान असताना तो तिला टेबलावर चमच्यांनी ठेका धरायला शिकवायचा. चुकली की "हं, पुन्हा." बरोबर आलं की काहीच नाही, फक्त पुढचा ठेका. एकदा ती रडून म्हणाली, "एकदा तरी छान म्हण ना!" तर म्हणाला, "बारके, ठेका बरोबर असला की तो स्वतःच सांगतो. मी कशाला मध्ये बोलू?" वर तिला खांद्यावर बसवून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेलं, ते वेगळं. माया होती, पण ठेक्यात ती मिसळायची नाही.

एका सकाळी दात घासता घासता त्याच्या हातातून ब्रश पडला. उचलायला वाकला तो उठलाच नाही. मेंदूत रक्ताची गाठ. जीव वाचला, बोलणं परत आलं, पाय ओढत का होईना चालायला लागला. राहिला तो उजवा हात. हलायचा, नाही असं नाही. पण डोक्याने 'उचल' म्हटलं की हात जरा थांबायचा, जणू विचारून येतो म्हणायचा, आणि मग उचलायचा. तळवा तर बधिरच. वहिनीने एकदा गरम कपबशी हातात दिली, पोळलं तरी पत्ता नाही.

व्यायामवाल्या बाई घरी यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "हे सुरुवातीचे महिने सोन्याचे. आत्ता हात चालवलात तर चालेल. नाहीतर मूठ मिटत जाईल, आणि एकदा मिटली की मग कोणी काही करू शकणार नाही." हे ऐकून वहिनीने कंबर कसली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. संध्याकाळी आली की पर्स ठेवायच्या आधी विचारायची, "अहो, चेंडू दाबला का?"

"दाबला."

"किती वेळा?"

"दाबला म्हटलं ना!"

चेंडू सोफ्याखाली धूळ खात पडलेला असायचा. वहिनी वाकून काढायची, पुसून त्याच्या मांडीवर ठेवायची. दादा तो बघायचाही नाही. "चेंडू दाबा, वाटाणे उचला, मणी ओवा. मी काय बालवाडीत आहे?" मग खिडकीशी जाऊन बसायचा, बँडने नवा ड्रमर घेतला हे कळल्यापासून तर जास्तच. हळूहळू उजव्या हाताची करंगळी आत वळायला लागली. ते बारकीला दिसत होतं, वहिनीला दिसत होतं, आणि दोघी एकमेकींना काही बोलत नव्हत्या.

मग एका रविवारी बारकी ऑफिसातला डबा घेऊन आली. चार चकत्यांचा. डाव्या दोन, उजव्या दोन. टीव्हीला जोडला, दादाच्या डोक्याला हेडफोन लावले, हातात स्टिक दिल्या. उजव्या हाताला स्टिक रबरबँडने अडकवली.

"हे काय पोरखेळ?"

"पोरखेळच आहे. खेळ. माझ्या कामाची चाचणी घ्यायचीय, मला ड्रमवाला माणूस हवाय."

तिच्या कामासाठी म्हटल्यावर तो बसला. गाणं सुरू झालं. डावा हात पहिल्या थेंबापासून चपखल. अहो, जन्मभराची सवय ती, आजाराने थोडीच जाते! पण उजवा थेंब टेकायचा, दादाचा हात उठायचा, आणि स्टिक चकतीवर पडेपर्यंत थेंब रेघेखाली गडप. हुकलं. हुकलं. हुकलं. गाण्यातला उजव्या हाताचा ड्रम पहिल्या हुकण्यालाच बंद पडला तो पडलाच. अर्धं गाणं झाल्यावर दादाने हेडफोन काढले.

"बारके," तो म्हणाला, "या गाण्यात मी नाहीच आहे गं." आणि स्टिक सोडवायला लागला. उजव्या हाताची त्याला सुटेना, डाव्याने ओढून काढली.

ते वाक्य बारकीच्या काळजात रुतलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तिने डबा कॉम्प्युटरला जोडला आणि फट सैल केली. थोडीथोडकी नाही, चांगली भगदाड पडेल एवढी. पण ती काही अडाणी नव्हती. सगळीकडे सैल केली असती तर दादाने पहिल्या गाण्यातच पकडलं असतं. तिने फक्त उजव्या दोन चकत्यांची सैल केली. डावीकडची काटेकोर ठेवली, उलट केसभर आवळली, म्हणजे तिथे अधूनमधून हुकेल आणि गेम खराच वाटेल. हेडफोनचा आवाज वाढवला, म्हणजे रबरावरची स्टिक उशिरा आपटलेली ऐकू येणार नाही. तळवा तर बधिर होताच. काम चोख झालं. इतकं चोख काम तिने ऑफिससाठीही केलं नव्हतं.

"कालचा डबा बिघडलेला होता," ती घरी येऊन म्हणाली. "उजवीकडची वायर सुटली होती. बघ आता."

दादाने कुरकुरतच स्टिक घेतल्या. पहिला उजवा थेंब. चपखल! त्याची भुवई वर गेली. दुसरा. चपखल! कानात गाण्यातला ड्रम वाजत होता, जिथे पडायला हवा तिथेच पडत होता. दादा पडद्याकडे बघत होता आणि बारकी दादाकडे. आजारपणानंतर पहिल्यांदा त्याची मान ठेक्यावर डोलली. गाणं संपलं तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता, आणि तो म्हणाला, "पुढचं लाव."

पुढचं, मग त्याच्या पुढचं. वहिनी दुकानातून आली तर घरात नवरा घामाघूम आणि नणंद डोळे पुसतेय. तिला वाटलं काहीतरी वाईट झालं. "अगं, बघ तरी!" बारकी म्हणाली. वहिनीने पाहिलं, आणि दारातच पर्स टाकून बसली.

त्यानंतर घर बदललं. दादा उठल्या उठल्या डब्याशी बसायचा. डाव्या हाताने का होईना, स्वतः दाढी करायला लागला. वहिनीची थट्टा करायला लागला. "चष्मेवाली, जरा बघ गं, चपखलच लिहिलंय ना? का माझे डोळे पण गेले?" व्यायामवाल्या बाईंनी हात तपासला तर करंगळी सरळ व्हायला लागलेली, खांदा मोकळा. "काय केलंत तरी काय?" त्या म्हणाल्या. "ताकद येतेय. पण घाई नको हं. वेग यायला फार काळ लागतो." दादाने ताकद ऐकलं, पुढचं ऐकलं नाही. तुम्ही-आम्ही तरी कुठे ऐकतो?

बारकीचा बेत वाईट नव्हता, हे मात्र सांगायलाच हवं. तिच्या मनात होतं, हात सुधारेल तशी फट हळूहळू आवळत न्यायची. आज केसभर, आठवड्याने केसभर, आणि एक दिवस ती खऱ्या जागी येईल, त्याला कळणारही नाही. एकदा तिने आवळलीही. त्या संध्याकाळी उजवीकडे हुकलं, हुकलं असं उमटायला लागलं, आणि दादाचा चेहरा असा उतरला की जेवणही गेलं नाही. "आज हात जड आहे," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी बारकीने फट होती तिथे नेऊन ठेवली. त्यानंतर तिचं धाडसच झालं नाही. तिने भावाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि आता खाली कसं उतरवायचं ते तिला कळेना.

तो आपणच उतरला. एका सुट्टीच्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. "चल बारके, तुला गंमत दाखवतो."

"कुठे?"

"मास्तरांना फोन केला होता. आज रिहर्सल आहे. म्हणाले, ये."

बारकीने त्याचा हात धरला. "दादा, इतक्यात नको. बाई म्हणाल्या ना, वेळ लागतो—"

"बाईंना काय कळतंय ड्रममधलं? तू रोज बघतेस की. खोटं आहे का ते?"

त्या वेळी सांगायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते. वहिनी त्याच्या शर्टाची कॉलर नीट करत होती, दोघं हसत होती, आणि बारकी मूग गिळून बसली. वाटेत बसमध्ये तो डाव्या हाताने खिडकीवर ठेका धरत होता तेव्हाही ती गप्पच. देव जाणे कशाची वाट बघत होती. आपोआप काही होईल, बस बंद पडेल, मास्तर आजारी पडतील.

मास्तर ठणठणीत होते. एका बंद दुकानाच्या मागची ती लांबट खोली, खुर्च्यांवर वाद्यांच्या पेट्या, सिगारेटचा जुना वास. सगळ्यांनी दादाला मिठ्या मारल्या. नवा ड्रमर मुकाट्याने उठला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. दादा ड्रममागे बसला, खुर्ची त्याच्या मापाने खाली केली. उजव्या हाताला रबरबँड लावायला त्याने बारकीकडे हात पुढे केला. तिने लावला. त्याच्या तळव्यावर तिने क्षणभर बोटं दाबली, पण त्या तळव्याला ती कळली नाहीत.

"एक, दोन, तीन, चार," दादा म्हणाला.

डावा पडला. उजवा आला नाही. आला तेव्हा बाकीचे पुढे गेले होते. बँड ड्रमवर चालतो हो, सगळ्यांचे कान तिकडे. गिटारवाला थबकला, त्याने दादासाठी थांबून घेतलं, तर डावा हात पुढे. एखादं लंगडं टेबल हलावं तसं सगळं गाणं हलायला लागलं. मास्तरांनी ट्रंपेट खाली केला. "पुन्हा." पुन्हा तेच. दादा हसला, म्हणाला, "हेडफोन नाहीत ना, म्हणून." पुन्हा. या वेळी त्याने डोळे मिटून, ओठ चावून वाजवलं, आणि या वेळी तर दोन ओळीही निभावल्या नाहीत.

 सगळे मास्तरांच्या तोंडाकडे बघायला लागले. एरवी आतापर्यंत मास्तरांनी चार पिढ्यांचा उद्धार केला असता. मास्तर पुढे आले, दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "छान. छान वाजवलंस. चहा घेऊ या आता."

दादाने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. त्याला सगळं त्या 'छान'मध्ये कळलं. शिवी दिली असती तर तो अजून थोडा वेळ बसला असता.

परतीच्या बसमध्ये त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. घरी आल्यावर सरळ डब्यासमोर बसला. हेडफोन लावले नाहीत, टीव्हीचाच आवाज ठेवला. गाणं सुरू झालं. उजवा थेंब रेघेला टेकला. दादाने हात उचललाच नाही. थेंब रेघेखाली गेला, मनातल्या मनात 'एक' म्हणण्याइतका वेळ गेला, आणि मग त्याने चकतीवर स्टिक टेकवली. चपखल! पुढच्या थेंबाला आणखी उशिरा. चपखल! वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिला समजायला जरा वेळ लागला, आणि समजल्यावर तिने बारकीकडे पाहिलं. त्या नजरेपेक्षा थप्पड परवडली असती.

दादाने गाणं बंद केलं. "किती ठेवली होतीस?"

ऑफिसातले शब्द घरात सगळ्यांनाच माहीत होते. बारकीने किती ते सांगितलं.

"आणि डावीकडे?"

"डावीकडची खरी. खरीपेक्षा जरा कमीच."

"म्हणजे मला संशय येऊ नये म्हणून." त्याने मान हलवली. "हुशार आहेस. काम चांगलं केलंस."

"दादा, तू हात हलवतच नव्हतास. करंगळी वळत चालली होती. मी काय करायला हवं होतं? तूच सांग, काय करायला हवं होतं मी?" ती रडायला लागली. तिला वाटलं, ओरडेल, डबा फेकेल. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

"आजारी पडल्यापासून," दादा म्हणाला, "जो येतो तो म्हणतो, सुधारलास हं. शेजारी म्हणतात, डॉक्टर म्हणतात, ही म्हणते. मला माहीत असायचं, सगळे मन राखतायत. म्हटलं, एक हा डबा तेवढा मन राखत नाही. त्याला मी कोण ते माहीत नाही, मी आजारी आहे हे माहीत नाही. तो म्हणतोय म्हणजे खरं असणार. आयुष्यात कुणी शाबासकी दिली तर इतकं बरं वाटलं नव्हतं मला." त्याने स्टिक खाली ठेवली. "ती पण तूच होतीस."

बारकीने त्याच दिवशी फट खरी करून ठेवली. जगात सगळ्यांना असते तेवढी, ना कमी ना जास्त. पण दादा डब्याकडे फिरकला नाही. खिडकीची खुर्ची परत भरली. वहिनी बारकीशी कामापुरतं बोलायची. एकदा भांडी विसळताना म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मीही तुझ्यासारखंच केलं असतं गं. पण त्या दिवशी त्यांना घराबाहेर जाऊ दिलं नसतं." बारकी भांडी पुसत राहिली.

दिवस गेले. करंगळी पुन्हा आत वळली, तिच्यापाठोपाठ अनामिका वळायला लागली. शेवटी व्यायामवाल्या बाई भडकल्या. "रुसायचं असेल तर जगावर रुसा, हातावर कशाला? त्या गेमने तुमच्या हातात ताकद आली होती, ती तर खोटी नव्हती ना!" त्या गेल्यावर दुपारी, कुणी न सांगता, दादाने डबा ओढून घेतला. वहिनी दुकानात होती. बारकी हल्ली ऑफिसचं काम दुपारी घरूनच करायची. त्याने हात पुढे केला, तिने रबरबँड लावला.

खरी फट. हुकलं, हुकलं, हुकलं. उजवीकडचा ड्रम गेला. दादा थांबला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आशाही नव्हती, एखादा माणूस औषध घेतो तसा तो हाणत होता. रोज दुपारी दोन-तीन गाणी. रोज हुकलं. बारकी शेजारी बसायची, कधी काही बोलायची नाही. बोटं वळायची मात्र थांबली होती, तेवढ्यावर ती समाधान मानत होती.

आणि मग एक दुपार अशी आली. गाणं अर्धं संपलेलं, उजवा थेंब खाली आला, दादाचा हात उठला, नेहमीपेक्षा जरा आधी उठला, आणि थेंब रेघेला टेकला त्याच वेळी स्टिक चकतीवर पडली. चपखल! बंद पडलेला ड्रम गाण्यात परत आला.  पुढचा थेंब. चपखल! ती खरी फट होती. ऑफिसातले जवान गडी त्याच फटीत खेळतात आणि तिथे हुकतात. पुढचा. चपखल! दादाच्या उजव्या हाताने तीन ठोके जिथे पडायचे तिथे टाकले होते, आणि खोलीत ते वाजले होते. बारकीला हुंदका आवरेना.

"दादा! अरे दादा!"

दादाचे हात थांबले. त्याने मान वळवली. तिच्या रडण्याकडे, तिच्या हसण्याकडे नीट बघितलं.

"परत किती केलीस?" त्याने विचारलं.

"नाही रे! हातसुद्धा लावला नाही मी. तुझी शपथ. माझी शपथ."

त्याने डब्याकडे पाहिलं.

"थांब, दाखवते." तिने धावत कॉम्प्युटर आणला, डबा जोडला, आकडा उघडून त्याच्यासमोर धरला. "हे बघ. सगळ्यांना असतो तोच. वाच ना. ते तीन ठोके तुझे होते दादा, खरे तुझे."

दादाने आकडा वाचला. मग हलकंसं हसला. दुष्टपणाने नव्हे, लहानपणी ती ठेका चुकली की हसायचा तसंच.

"बारके, आकडा टाकतं कोण?"

"मीच, पण—"

"मग?"

 तिने आवाजकाकांना बोलावते म्हटलं, दुसरा डबा दुकानातून नवा कोरा आणते म्हटलं. तो म्हणाला, तू त्याच धंद्यात आहेस, कुठलाही डबा आणलास तरी मला तसंच वाटणार, उगाच दमू नकोस. "तू वाईट नाहीस गं," तो म्हणाला. "माझ्यासाठीच करतेस. कळतं मला." आणि डाव्या हाताने त्याने उजव्या हाताचा रबरबँड सोडवला, स्टिक डब्यावर ठेवल्या आणि पाय ओढत खिडकीकडे गेला.

बारकीने कॉम्प्युटर मिटला. ते तीन ठोके दादाचे होते, पुरते त्याचेच, त्यात तिची एका केसाचीही मदत नव्हती. हे फक्त तिला माहीत आहे, आणि सांगायचा हक्क तिला एकटीलाच नाही.